तोट्याची गाडी आणि विनंती थांबा

'विनंती थांबा' या दोन शब्दांची पाटी आपल्याकडे खेड्यापाड्यांतून बसने हिंडणाऱ्या कोणालाही अपरिचित नाही. हात दाखवावा, चालकाच्या मनात आले तर गाडी थांबते, नाही तर धूळ उडवीत निघून जाते, हा अनुभवही सार्वत्रिक आहे. परंतु रुळांवरून धावणाऱ्या आगगाडीनेही फलाटावरील एकट्या माणसाने हात केला म्हणून थांबावे, आणि उतरणाऱ्याने गार्डाला आधी सांगून ठेवले नाही तर स्टेशन मागे टाकून सरळ पुढे जावे, ही गोष्ट प्रस्तुत लेखकाने गेल्या उन्हाळ्यात वेल्समध्ये प्रथमच पाहिली. त्या एका दिवसाच्या प्रवासाने गेली वीस वर्षे वर्गात शिकविलेला एक धडा पुन्हा तपासून पाहावयास लावला. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझा भाचा स्वान्सी येथे शिकत असल्याने काही दिवस तिकडे राहण्याचा योग आला. एक दिवस आगगाडीने डॉलाय नावाच्या खेड्यास जाऊन यावे, असे मी ठरविले. "मामा, तिथे पाहण्यासारखं काही नाही," असे भाच्याने बजावले. ते खरेच होते. तेथे किल्ला नाही, संग्रहालय नाही, प्रसिद्ध पुरुषाचे जन्मस्थान नाही. डॉलाय या वेल्श शब्दाचा अर्थच मुळी 'कुरणे' असा आहे. मला कुतूहल होते ते गावाचे नव्हे, तर त्या गावाला आजही आगगाडी जाते, या गोष्टीचे. साठ वर्षांपूर्वीच्या हिशेबाप्रमाणे ती केव्हाच बंद पडावयास हवी होती.

हा लोहमार्ग स्वान्सीपासून इंग्लंडच्या सीमेनजीकच्या श्रूजबरी या गावापर्यंत सुमारे १२० मैल जातो. 'हार्ट ऑफ वेल्स', म्हणजे वेल्सचे हृदय, असे त्याचे नाव. संपूर्ण अंतर कापावयास सुमारे चार तास लागतात आणि दिवसाकाठी जेमतेम चार-पाच गाड्या धावतात. रविवारी त्याहूनही कमी. माझी गाडी दोन डब्यांची, डिझेलवर चालणारी होती. स्वान्सीहून निघून ती प्रथम लानेली येथे येते. पत्र्याच्या कारखान्यांसाठी हे गाव एके काळी जगप्रसिद्ध होते. तेथे चालक आपली सामग्री उचलून मागच्या टोकाला जातो आणि गाडी आल्या दिशेनेच परत फिरून उत्तरेची वाट धरते. पुढे ॲमनफर्डच्या परिसरात जुन्या कोळसाखाणींचा प्रदेश लागतो. तो संपला की टवी नदीचे रुंद, हिरवेगार खोरे सुरू होते आणि मग लानडायलो, लानडव्हरी अशी गावे एकामागून एक येऊ लागतात. या नावांच्या आरंभी जो उच्चार आहे त्यासाठी देवनागरीत अक्षर नाही. जीभ 'ल'च्या जागी ठेवून नुसती हवा सोडावयाची असते. भाच्याने तो मला शिकविण्याचा प्रयत्न केला आणि अखेर सोडून दिला.

लानडव्हरीनंतर चढ लागतो. कंगहॉर्डी येथील अठरा कमानींच्या दगडी पुलावरून गाडी वळण घेत जाते, तेव्हा खालची घरे आणि मेंढ्या खेळण्यातल्यासारख्या दिसतात. हा पूल १८६८ च्या सुमाराचा. त्यानंतर एक बोगदा आणि मग शुगर लोफ नावाचे ओसाड स्टेशन. ब्रिटनमधील सर्वांत कमी प्रवाशांच्या स्टेशनांत त्याची गणना होते. आमची गाडी तेथे थांबली नाही, कारण कोणी विनंतीच केली नव्हती. पुढे किलमेरी. वेल्सचा अखेरचा स्वतंत्र राजपुत्र लेवेलिन १२८२ मध्ये येथे मारला गेला. त्यापुढचे बिल्थ रोड हे एके काळी जंक्शन होते. आमच्या मार्गाच्या खालून दुसरा एक लोहमार्ग ब्रेकनकडे जात असे. १९६२ च्या अखेरीस तो बंद झाला. जंक्शनमधले 'जंक्शनपण' गेले; स्टेशन तेवढे उरले.

आमच्या डब्यात मोजून अकरा प्रवासी होते. पाठीवर पिशव्या घेतलेली चार पायी भटकणारी मंडळी, दोन शाळकरी मुले, लानड्रिंडॉडला डोळे तपासून घेण्यास निघालेल्या एक वृद्ध बाई आणि इतर दोनतीन जण. तिकिटे गार्डच फिरून देत होता. अर्थशास्त्राच्या माणसाला अशा वेळी खिडकीबाहेर पाहवत नाही. अकरा तिकिटे, दोन डबे, चालक, गार्ड, डिझेल, अठरा कमानींच्या पुलाची दुरुस्ती, असा हिशेब मी मनातल्या मनात मांडीत होतो आणि तो कोठेही जुळत नव्हता.

डॉलायला मी एकटाच उतरलो. गाडी गेल्यावर जी शांतता पसरली ती लिहून सांगता येण्याजोगी नाही. मेंढ्यांचे ओरडणे आणि कुंपणातील पाखरे, एवढाच काय तो आवाज. मूठभर घरे, पलीकडे रॅडनर फॉरेस्टच्या बोडक्या टेकड्या. स्टेशनवर कर्मचारी नाही, परंतु फलाटभर फुलझाडे. ही बाग रेल्वेची नव्हे, गावकऱ्यांची. त्यांनीच ती लावली आणि वर्षानुवर्षे जोपासली. २००२ मध्ये आपल्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात राणी एलिझाबेथ या चिमुकल्या स्टेशनवर येऊन गेल्या. पाटी वेल्श आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहे, जरी या परगण्यातून वेल्श बोलणे बव्हंशी मागच्या शतकांतच मावळले. जे फारसे बोलले जात नाही तेही लिहून जपावे, असे या लोकांनी ठरविलेले दिसते.

एक सत्तरी उलटलेले गृहस्थ झाडांना पाणी घालीत होते. रोज येथून किती लोक चढतात, असे मी विचारले. ते त्यांना ठाऊक नव्हते. थोडे थांबून ते म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझं मोटार चालवणं बंद केलं. तेव्हापासून मी चढतो." एवढे बोलून ते पुन्हा पाण्याकडे वळले.

बीचिंग यांचा हिशेब

या मार्गाचा प्रश्न समजण्यासाठी १९६३ सालाकडे जावयास हवे. रसायन उद्योगातून ब्रिटिश रेल्वेच्या अध्यक्षपदी आणलेले डॉ. रिचर्ड बीचिंग यांनी त्या वर्षीच्या मार्चमध्ये रेल्वेच्या फेररचनेचा अहवाल सादर केला. सुमारे ५,००० मैलांचे मार्ग आणि २,३६३ स्टेशने बंद करावीत, अशी त्यांची शिफारस होती. तिच्यामागची आकडेवारी विलक्षण परिणामकारक होती. एकूण लोहमार्गांपैकी एकतृतीयांश मार्गांवर एकूण प्रवासी वाहतुकीचा अवघा एक टक्का चालत असे. हा आकडा मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. 'भावना बाजूस ठेवून घेतलेला आर्थिक निर्णय' याचे उदाहरण म्हणून बीचिंग अहवाल मी शिकविला, आणि परीक्षेत त्यावर प्रश्नही काढले.

अहवालातील मूळ निदान खोटे होते असे मी आजही म्हणणार नाही. युद्धोत्तर काळात मोटारी आणि मालमोटारी वाढल्या, रेल्वेची तूट वर्षागणिक फुगत गेली आणि परस्परांच्या स्पर्धेतून खाजगी कंपन्यांनी बांधलेले कित्येक मार्ग मुळातच अनावश्यक होते. सगळेच वाचवावयाचे ठरविले असते तर काहीच वाचले नसते. परंतु निदान बरोबर असूनही मोजमाप चुकू शकते. प्रवाशांची गणना करण्यात आली ती १९६१ मधील एप्रिलच्या एका आठवड्यात. त्यामुळे उन्हाळ्यात गजबजणारे मार्ग निर्जन ठरले. स्टेशनचे उत्पन्न मोजताना तेथे विकली गेलेली तिकिटे धरण्यात आली. तेथे येऊन उतरणाऱ्यांचा पैसा दुसऱ्याच स्टेशनच्या खाती पडला. त्या दिवशी डॉलायला मी उतरलो. परंतु माझे तिकीट डॉलायच्या नावावर नव्हतेच! शाखामार्ग बंद झाला तरी लोक मोटारीने मुख्य मार्गापर्यंत येतील, असे गृहीत धरले गेले. प्रत्यक्षात मोटारीत एकदा बसलेला माणूस मुक्कामीच उतरला. बदली म्हणून सुरू केलेल्या बसगाड्यांपैकी अनेक लवकरच बंद पडल्या. अपेक्षित बचत हाती आली नाही आणि रेल्वेची तूट राहिली ती राहिलीच.

याहून उद्बोधक गोष्ट निराळीच आहे. ज्या १९६३ साली डॉलायसारख्या स्टेशनांची तिकिटे मोजली जात होती, त्याच वर्षी फॉस्टर आणि बीस्ली या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी लंडनमधील नियोजित 'व्हिक्टोरिया' भुयारी मार्गाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिकिटांच्या हिशेबाने हा मार्ग तोट्याचाच ठरणार होता. पण त्यांनी वाचणारा वेळ मोजला, रस्त्यांवरची कमी होणारी गर्दी मोजली, आणि जे लोक या मार्गाने कधी जाणारच नव्हते त्यांना होणारा लाभही मोजला. तसा हिशेब केल्यावर मार्ग समाजाला फायद्याचा ठरला. आज हा अभ्यास सामाजिक खर्च-लाभ विश्लेषणाचा आदर्श पाठ मानला जातो. मी तोही शिकवितो, परंतु दुसऱ्या प्रकरणात आणि बहुधा दुसऱ्या सत्रात! ही दोन्ही उदाहरणे एकाच वर्षातली, एकाच देशातली आणि एकाच सरकारी तिजोरीशी निगडित आहेत, हे वीस वर्षांत माझ्या कधी ध्यानात आले नाही. राजधानीला समाजाची वही आणि खेड्याला दुकानदाराची वही, असा हा प्रकार होता. डॉलायच्या त्या गृहस्थांना बीचिंग यांच्या वहीत 'एक तिकीट' एवढीच किंमत आहे. फॉस्टर-बीस्ली यांच्या वहीत मात्र त्यांचा दवाखाना, त्यांचे बाजारहाट, त्यांनी आपले गाव सोडून शहरात न जाणे, या सर्वांसाठी रकाने आहेत.

सहा मतदारसंघांची कथा

मग हा मार्ग वाचला कसा? येथे अर्थशास्त्र संपते आणि राजकारण सुरू होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो बंद करण्याचा विषय मंत्रिमंडळापुढे आला, तेव्हा वेल्सचे मंत्री जॉर्ज टॉमस यांनी पंतप्रधानांना एकच गोष्ट सांगितली, असे म्हणतात: हा मार्ग अटीतटीच्या सहा मतदारसंघांतून जातो! कथा थोडी रंगविलेली असेल. परंतु ती तिकडे सर्रास आणि मोठ्या खुशीने सांगितली जाते. मला मात्र ती ऐकून आनंदापेक्षा अस्वस्थताच अधिक वाटली. कारण ज्या मार्गाच्या वाट्याला असे सहा मतदारसंघ आले नाहीत त्याचे काय?

त्याचे उत्तर वेल्समध्येच आहे. कार्मार्दन ते ॲबरिस्टविथ हा मार्ग प्रवाशांसाठी १९६५ मध्ये बंद झाला. ही दोन्ही गावे पश्चिम वेल्समधली. परंतु आज एकाहून दुसऱ्या गावी आगगाडीने जावयाचे तर इंग्लंडात श्रूजबरीपर्यंत जाऊन वळसा घ्यावा लागतो. २०१८ मध्ये हा मार्ग पुन्हा बांधण्याच्या शक्यतेचा अहवाल तयार झाला, तेव्हा खर्चाचा अंदाज ७७ कोटी ५० लाख पौंडांपर्यंत गेला. मार्ग बंद करणे आणि तो पुन्हा उघडणे या दोन क्रिया एकाच मापाच्या नाहीत. रूळ उखडले, जमीन विकली, पूल पाडले की निर्णय फिरविण्याचा रस्ताच बंद होतो. चालू गाडीचा तोटा दरवर्षी वहीत दिसतो. गमावलेल्या पर्यायाची किंमत कोणत्याच वहीत दिसत नाही.

डॉलायचा मार्ग राजकारणाने वाचला, पण टिकला तो निराळ्या कारणांनी. १९७२ मध्ये त्याला कायद्याने 'हलक्या रेल्वे'चा दर्जा देण्यात आला; वेग कमी, म्हणून नियम आणि खर्चही कमी. बहुतेक स्टेशने विनंती थांबे झाली. तिकीटघरे गेली, तिकीट गाडीत मिळू लागले. १९८६ पासून एकेरी मार्गावरील वाटेच्या स्टेशनांत टोकनाची देवघेव गाडीवरचे कर्मचारीच यंत्राद्वारे करतात आणि देखरेख एका केबिनमधून होते. म्हणजे 'बंद करा' आणि 'आहे तसे चालू ठेवा' या दोहोंमध्ये 'साधे करा' हा तिसरा मार्ग होता, आणि १९६३ च्या अहवालाने त्याकडे पुरेसे लक्ष दिले नव्हते. पुढे ऑक्टोबर १९८७ मध्ये टवी नदीच्या पुराने ग्लानरीड येथील पूल वाहून गेला, गाडी नदीत कोसळली आणि चार जण मृत्युमुखी पडले. मार्ग कायमचा गुंडाळण्यास याहून सोयीचे निमित्त मिळाले नसते. पण पूल पुन्हा बांधण्यात आला.

उघड किंमत

या साऱ्यातून मला जो मुद्दा काढावयाचा आहे तो 'तोट्यातील सर्व सेवा चालूच ठेवा' असा नाही. अकरा प्रवाशांसाठी डिझेल जाळीत दोन डबे ओढणे हे काही पर्यावरणाचे पुण्यकर्म नव्हे. ज्या पैशात ही गाडी चालते त्यात कदाचित अधिक खेड्यांना चांगल्या बसगाड्या देता येतील, हा आक्षेप गंभीर आहे. वेल्सच्या रेल्वेसेवेचा कारभार फेब्रुवारी २०२१ पासून तेथील सरकारच्याच हाती आहे. ही निवड त्याला दरवर्षी करावी लागणार आणि ती सोपी नाही.

मुद्दा असा की ही निवड उघडपणे व्हावी. १९६८ च्या ब्रिटिश वाहतूक कायद्याने बार्बरा कासल यांनी जे तत्त्व आणले ते मला या संपूर्ण इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते. एखादी सेवा पैशाच्या दृष्टीने परवडत नसेल, परंतु समाजाला आवश्यक असेल, तर सरकारने तसे म्हणावे आणि तिच्यासाठी ठरावीक रक्कम नाव घेऊन द्यावी. मग तो तोटा राहत नाही. ती किंमत होते. तोटा लपवावा लागतो, किमतीवर चर्चा करता येते. उद्या एखाद्या संसदेला ती किंमत जड वाटली तर तिने तसेही उघड सांगावे आणि मतदारांना सामोरे जावे.

आपल्याकडे हा विषय परका नाही. विदर्भातील मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूर या दोन बाजूंना जाणारी 'शकुंतला' एका ब्रिटिश कंपनीने बांधली ती वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी. वेल्सच्या या मार्गाकडेही कंपन्यांचे डोळे लागले होते ते स्वान्सीच्या बंदरामुळे आणि कोळशामुळे. खेड्यातल्या माणसाची सोय हे दोन्ही ठिकाणी उपउत्पादन होते. गेली काही वर्षे शकुंतला बंद आहे. ती पुन्हा धावावी की त्या पैशात रस्ते व्हावेत, याविषयी प्रामाणिक मतभेद असू शकतात. परंतु तिच्या बंद असण्याची किंमत मांडणारी वही आपण कधी उघडली आहे काय?

माझ्या वर्गातील एक विद्यार्थिनी दोन वर्षांपूर्वी अचानक येईनाशी झाली. तिच्या गावाला जाणारी संध्याकाळची बसफेरी कमी भारमानामुळे रद्द झाली होती. शेवटचा तास करून घरी पोहोचण्यास दुसरे साधन नव्हते आणि घरच्यांनी शिक्षण थांबविले. फेरी कोणाची होती, हा येथे मुद्दा नाही; ज्याने ती रद्द केली त्याच्यापुढे जी वही होती तीत त्याचा निर्णय चूक नव्हता. त्या वहीत मुलीच्या पदवीसाठी रकानाच नव्हता. मीही तीच वही शिकवीत आलो आहे, ही टोचणी मात्र माझी आहे.

म्हणून एखादी सेवा बंद करण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे जाहीर व्हावीत, एवढीच अपेक्षा आहे. तिचा उपयोग कोणाला होतो आणि त्यांच्यापुढे दुसरे कोणते साधन आहे? ती बंद न करता साधी, स्वस्त करता येईल काय? आणि चुकलो असे पुढे आढळले, तर ती पुन्हा सुरू करण्याची वाट शिल्लक राहील काय? या तिन्ही उत्तरांनंतरही 'बंद' हाच निर्णय निघाला, तर तो कटू असला तरी मान्य करावा.

परतीच्या गाडीची वेळ झाली तेव्हा ते वृद्ध गृहस्थही पिशवी घेऊन फलाटावर आले. वळणावर गाडी दिसताच त्यांनी मला खूण केली, "हात करा, नाही तर जाईल." आम्ही दोघांनीही हात केला. गाडी थांबली. ते लानड्रिंडॉडला उतरले. मी खिडकीशी बसून स्वान्सीपर्यंत पुढच्या सत्राची टिपणे काढीत राहिलो. बीचिंग यांचा अहवाल आणि व्हिक्टोरिया मार्गाचा अभ्यास ही दोन्ही उदाहरणे यंदापासून मी एकाच तासाला, फळ्याचे दोन भाग करून शिकविणार आहे.